गायीची चौकशी

अण्णा, आज मी पिंपरी पेंढारला एका डेअरीवर गेले होते. दूध संकलनाच्या कामाचा आराखडा काढायचं काम आमच्या कंपनीला मिळालंय. आमची पद्धत अशी, की काम करणाऱ्यालाच त्याच्या आठवणी सांगायला लावायच्या आणि त्यांतून कामाच्या पायऱ्या शोधायच्या. माझ्या कागदावर किटली, नमुना, फॅटचं मशीन आणि वजन एवढंच होतं. तिथला दूध घेणारा हसला. "मॅडम, आधी गायीची चौकशी असती. चारा खाती का, बरी हाय का. इंजेक्शन दिलं असलं तर बाई आपसूक बोलती. मंग मी म्हनतो, थोडं दिस दूध घरीच ऱ्हाऊ द्या. पन हे लिवू नका हां. लिवलं का कुनी खरं सांगायचं न्हाई."

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. आराखडा उद्या द्यायचाय. हे लिहिलं तर साहेब त्याची नोंदवही करतील आणि बायका गप्प बसतील. गाळलं तर गप्पांत वेळ जातो म्हणून चौकशीच बंद करतील, आणि औषधाचं दूध सगळ्या गावाच्या दुधात मिसळेल. आराखड्यात त्या चौकशीची चौकट काढतेय, पुसतेय, पुन्हा काढतेय.

आपल्या गावच्या डेअरीवर तुम्ही दूध घ्यायचात, तेव्हा तुमच्या गप्पांवर मी वैतागायचे. कॉलेजच्या सुट्टीत एकदा म्हणाले, "रांग केवढी झालीय, अण्णा!" तुम्ही किटलीवरून मान न उचलता म्हणालात, "मी गप्पा मारतोय व्हय? गायीला बोलता येत न्हाई, म्हून मालकिनीला बोलू देतोय." मला काही ते पटलं नाही. मग तुम्ही तापानं पडलात आणि तुमच्या जागी मी बसले. रांग झटक्यात संपवली, घरी येऊन केवढी मिरवले! दुसऱ्या दिवशी तालुक्याहून निरोप आला, आपल्या दुधाला विरजणच लागलं नाही, अख्खी टाकी ओतून दिली. शोध घेतल्यावर कळलं, वरच्या आळीतल्या काकूंच्या गायीला इंजेक्शन दिलं होतं, त्या औषधानं विरजण मेलं. "तिनं तुला सांगितलं व्हतं का?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "नाही." तुम्ही काकूंचं दूध बंद केलंत, आणि त्या पुन्हा कधी डेअरीवर आल्या नाहीत.

चौकट ठेवतेय, अण्णा. आत फक्त 'ऐकून घेणे' लिहिलंय, नोंदीला जागाच ठेवलेली नाही. साहेबांशी भांडावं लागलं तर भांडेन. तुम्ही गेल्यावर हे पत्र मात्र कुठे टाकणार? काकूही आता नाहीत. त्यांनी सांगितलं होतं, अण्णा. "काल गायीला सुई दिलीया," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, पुढे सरका."