स्वार्तफ्लुआवरची दोरी

४ मे
पोचले एकदाची. बेटावर चार घरं, एक धक्का आणि भरपूर वारा, बाकी काही नाही; पण बोटीवर काम मिळालंय, त्यामुळे मी हवेत आहे. बोट हल्वार्ड यांची. ते आणि त्यांचा एकुलता एक मुलगा अस्लाक समुद्राच्या तळावरचे मोठे शिंपले हातांनी वेचून विकतात. मी तिसरी. माझा नवाकोरा पाणबुड्याचा सूट पाहून अस्लाकने विचारलं, लग्नाला निघालीस का. त्याच्या सुटावर ठिगळांवर ठिगळं आहेत. जेवायला कॉड मासा आणि बटाटे. हल्वार्ड मला वाढतच राहिले. म्हणाले, हाडकुळी माणसं लवकर गारठतात.

६ मे
पाणी बर्फासारखं. स्वार्तफ्लुआ हा खडक तसा उथळ, बारा मीटरवर. खाली केल्प या उंच समुद्री शेवाळाचं तपकिरी रान आणि कातळावर पांढरी मऊ प्रवाळं. इकडे त्यांना मेलेल्याचे हात म्हणतात. बोटं सुजल्यासारखीच दिसतात ती. माझ्या दोन्ही जाळ्या भरल्या. अस्लाक म्हणाला, शहरातली असून बरी आहेस. फार आनंद झाला, लपवू कशाला.

एक गोष्ट मात्र खटकली. बाकी सगळीकडे खाली जाणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधतात आणि दुसरं टोक बोटीवरच्या माणसाच्या हातात असतं. एक हिसका म्हणजे, ठीक आहेस ना? उलट एक म्हणजे, ठीक. चार म्हणजे वर ओढा. हिसका आला की उत्तर द्यायचंच, हे आमच्या अंगात मुरलेलं असतं. या खडकावर हल्वार्ड पाण्यात दोरी सोडूच देत नाहीत. का, तर त्यांचे वडील सोडत नसत.

९ मे
पाणी हिरवं, गढूळ. हातभर लांबचं दिसेना. मी दोरीसाठी हट्टच धरला. अस्लाक बापाला म्हणाला, ऐक हिचं, नाहीतर पाणबुड्यांच्या संघटनेकडे जाईल तक्रार घेऊन. हल्वार्डनी दोरी काढून दिली.

अस्लाक वर आला, कमरेची दोरी सोडली आणि कॉफी घेऊन बसला. ते टोक पाण्यातच लोंबत होतं, दुसरं माझ्या हातात. हिसका आला. माझ्या हाताने सवयीने उत्तर दिलं. मग मी अस्लाककडे पाहिलं. तो कॉफीत बिस्किट बुडवत होता.

हल्वार्डनी ती दोरीच कापून टाकली. म्हणाले, उत्तर दिलंस, आता खालचं ते विचारत राहणार.

११ मे, सकाळ
हल्वार्ड घरीच राहिले. अस्लाक म्हणतोय, लाटेने ओढली असेल दोरी, म्हाताऱ्याची भीती आजच मोडून टाकू. नवी दोरी बांधून तो स्वार्तफ्लुआवर उतरतोय. मला नको म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

दुपार
अस्लाक वर आला नाही. टाकीतली हवा केव्हाच संपली असणार. मी वायरलेसवर कळवलं, तसे हल्वार्ड छोट्या होडीतून आले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रवाह उत्तरेला ओढतो म्हणून तिकडच्या खडकांत शोधायला गेलेत. मला इथेच थांबायचंय. दोरीला हात लावायचा नाही, एवढंच बजावून गेले.

दोरी ताठ आहे.

एक हिसका. पुन्हा एक.

तोच असेल तर? त्याला मरू देऊ? मी उत्तर दिलं. लगेच उलट हिसका आला. आहे, तो आहे—

थोड्या वेळाने
चार. चार हिसके.

दोरी विंचवर, ओढायच्या यंत्रावर, घातली. जड आहे, माणसाइतकी. येतोय. हल्वार्ड माफ करतील मला, कदाचित—

वायरलेसवर हल्वार्ड. रडत होते. अस्लाक सापडला. उत्तरेच्या खडकावर, जिवंत, शिव्या घालतोय. खाली पोचताच कुणीतरी दोरी ओढायला लागलं, म्हणून त्याने सकाळीच ती कापली, मग प्रवाहाने नेलं—

सकाळीच.

विंच बंद केला. थांबलाय. पण दोरी ढिली पडतेय. तुटलेली नाही. खालचं ते आता स्वतःच चढ—