कानात कापूस घालून केलेली निवड

दिनांक १४, रविवार, सकाळचे दहा

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (यातलं 'साष्टांग' कागदापुरतंच समज, माझी कंबर सध्या एवढ्या नम्रतेला तयार नाही.) आम्ही सगळे खुशाल. तुझी खुशाली तू कळवत नाहीस, म्हणून ती गृहीत धरतो.

प्रथम एक गंभीर तक्रार. मी दोन स्पीकर विकत घेतले. प्रत्येकी चार रबरी पाय, एकूण आठ, असं खोक्यावर ठळक छापलेलं आहे. पुडीत निघाले सात! दुकानदाराला फोन केला, तर म्हणतो, "साहेब, तीन पायांवरही उभा राहील तो." मी म्हटलं, "तिपाई राहते. हा चौकोनी आहे." काल संध्याकाळपासून आमचा हा शास्त्रार्थ चालू आहे. दोन्ही पक्ष थकलेले आहेत, पण माघार कोणी घेत नाही.

आता तू विचारशील, तीन वर्षं सरगम शिकवून शेवटी ज्याच्यापुढे तू हात जोडलेस, त्या गाढवाला स्पीकर कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर यथावकाश देईन. तू अकरा महिने एकही गाणं ऐकलेलं नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल या पत्रात चकार शब्द काढायचा नाही असं मी ठरवलं आहे. हे पत्र फक्त स्पीकरांविषयी.

तर दुकानदाराने आठवडाभर घरी ऐकून बघायला तीन जोड्या दिल्या. तिन्ही लहान, फडताळात मावतील अशा, आपल्या खिशाला झेपणाऱ्या. पहिली काळी आणि धिप्पाड. ती आमच्या शालकमहाशयांची लाडकी. हिचा हा भाऊ कशावरही अधिकारवाणीने बोलतो हे तुला माहीत आहेच. "दाजी, बेस बघा बेस! खिडकीच्या काचा थरथरतात की नाही?" थरथरत होत्या. पण काचा थरथरवणं हाच हेतू असेल, तर समोरच्या रस्त्यावरून जाणारा ट्रक ते काम फुकट करतो. दुसरी जोडी लाकडी, देखणी, हिच्या पसंतीची. तिसरी सर्वांत स्वस्त, करड्या रंगाची, ओबडधोबड. तिला शालकमहाशयांनी पाहताक्षणी 'कबुतरांचं खुराडं' अशी पदवी बहाल केली.

आरंभीच एक घोटाळा माझ्या हातून झाला. फडताळात ठेवायचे स्पीकर म्हणून मी ते खरोखरच फडताळात, मागे शब्दकोशाचे जाडजूड खंड लावून, घट्ट खोचून बसवले. आवाज असा आला, की गायक रांजणात पडला आहे आणि तिथूनच मदतीसाठी हाका मारतो आहे. तुझी भाची कॉलेजातून आली, स्पीकरांच्या मागे डोकावली आणि कपाळाला हात लावून बसली.

"बाबा, याच्या पाठीला भोक असतं. तिथून हवा बाहेर येते. तुम्ही त्यात शब्दकोश कोंबलाय!"

मग स्पीकर दोन उंच स्टुलांवर आले. भिंतीपासून हातभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीला, तोंडं किंचित आत वळवलेली. गायक रांजणातून बाहेर आला. आता निवड उरली.

निवडीसाठी प्रमाण हवं. दुकानदाराचा शब्द हे प्रमाण धरता येत नाही आणि शालकाचा तर नाहीच. माझ्याकडे मात्र एक पक्कं प्रमाण होतं: तुझ्या कानांचा आलेख. डॉक्टरांकडून परतताना तू तो माझ्या पिशवीत टाकलास आणि पुन्हा कधी मागितला नाहीस. 'उंच पट्टीचे बारीक आवाज गेले, जाड आवाज शाबूत,' असं ते म्हणाले होते. म्हणजे आ, ई, ऊ पोचतात. त, स, क, प वाटेतच विरघळतात. कानातलं यंत्र बोलण्यापुरतं ठीक, पण ते लावून गाणं ऐकलं की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाटतं, हे तूच सांगितलं होतंस.

(होय, तुझ्याविषयी लिहायचं नाही असं ठरलं होतं. पुढे वाच.)

काल दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत परीक्षा झाली. दोरीवर चादर टांगली आणि तिच्याआड तिन्ही जोड्या. भाचीने फोनवर मोजून तिघींचा आवाज सारखा केला. मोठ्याने वाजणारी जोडी नेहमी चांगलीच वाटते, हे दुकानदारांचं गुपित तिला ठाऊक आहे. परीक्षार्थी आम्ही तिघे: मी, तुझी भावजय आणि शालकमहाशय. प्रत्येकाच्या कानात बारीक आवाज अडवायला कापसाचे बोळे, वर कानटोपी. भर दुपारी! शेजारच्या वकीलबाई वर्तमानपत्र मागायला आल्या, आम्हाला पाहिलं आणि न मागताच परत गेल्या.

ऐकायचं काय? आमच्या कोशाच्या कचेरीतल्या सहकाऱ्याकडून मी वीस शब्द बंद पाकिटात काढून घेतले होते. खद्योत, शष्प, कच्छप, पटीर, असले. अर्थ माहीत असला की कान लबाडी करतात आणि उरलेलं मन भरून काढतं. म्हणून कोणालाच न येणारे शब्द. दर जोडीला क्रम बदललेला. आणि ते वाचायला तुझी दातांची डॉक्टर शिष्या. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते आणि स्वतःचं उघडायला लाजते, असं तू म्हणायचीस, तीच. ती फोनवर वाचून, वर तुझा एक धडा गाऊन पाठवायला लगेच तयार झाली. का, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

निकाल ऐक. शालकांची धिप्पाड जोडी: विसापैकी सरासरी सात. 'शष्प'चं सर्वानुमते 'गप्प' झालं. हिची देखणी जोडी: अकरा. तिसऱ्या जोडीला माझे सतरा, हिचे सतरा, आणि शालकमहाशयांचे अठरा! त्यांनी कानटोपी उपटून फेकली आणि ओरडले, "बघा! मी म्हणत नव्हतो? ही माझीच!"

भाचीने चादर खाली ओढली. समोर कबुतरांचं खुराडं.

ताई, आयुष्यात मला विजय फार थोडे मिळाले आहेत. हा मी चवीचवीने उपभोगला. शालकमहाशयांनी फेकलेली कानटोपी उचलून परत डोक्यावर चढवली. मग तेच म्हणाले, "दाजी, पुन्हा लावा ते डॉक्टरबाईंचं गाणं." लावलं. कापूस तसाच होता. ती जिथे सुरुवातीला नुसता श्वास घेते, तोसुद्धा मला ऐकू आला. हिने डोळे पुसले आणि वर मलाच झापलं. "त्यांच्यासाठी आणलेत ते सरळ लिहा की! सात पायांचं पुराण काय लावलंय?"

तर सरळ लिहितो.

गेल्या वर्षी तुझ्या वर्गाच्या कार्यक्रमात ती डॉक्टर गात होती. हळू, नेहमीसारखीच. तुला ऐकू आलं नाही आणि तू म्हणालीस, "अगं, घाबरू नकोस, सुरू कर." ती दुसऱ्या ओळीवर होती. सभागृहात हशा पिकला. तुझी पाठ प्रेक्षकांकडे होती, म्हणून तुला एक गोष्ट कधी कळली नाही. हसायला सुरुवात मी केली. वाईट हेतू नव्हता, फट्कन हसू आलं, वगैरे जे काही असतं ते सगळं खरं आहे. पण मी हसलो नसतो तर कदाचित कोणीच हसलं नसतं. दुसऱ्या दिवशी तू वर्ग बंद केलास. आणि मी तुला समजवायला आलो, तेव्हा मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "लोकांचं काय मनावर घेतेस?"

येत्या रविवारी ये. स्टुलांसमोर खुर्ची मांडली आहे. तिच्या पायांच्या जागा भाचीने जमिनीवर खडूने आखल्या आहेत आणि तिथे झाडू फिरवायची बंदी आहे. यंत्र घरी ठेवून ये. कोणी समोर बसणार नाही, कोणी 'कसं वाटलं' विचारणार नाही. माझ्यावर चिडून येणार असशील तरी चालेल, पण ये.

काळजी दुसऱ्यांच्या कानांनी जिंकलेल्या परीक्षेची नाही. ती परीक्षा आम्ही कापसाची दिली, तुझ्या कानांची नाही, एवढं मलाही कळतं. मला भीती ही वाटते, की तू येशील, त्या खुर्चीत बसशील, तुला काहीच नीट ऐकू येणार नाही, आणि माझं मन मोडू नये म्हणून तू म्हणशील, "छान आहे हं."

तसं म्हणू नकोस.

तुझा
धाकटा