माधवीताईंचा काढा

२ जून, बागली
मयुरेशची बायको होऊन काल कुक्षीहून इथं आले. घर लहान पण हवेशीर. ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, दारात दृष्ट काढली आणि दाल-बाफले पोटभर वाढले. मयुरेशची सहा वर्षांची चिऊ माझा पदर सोडेचना. तिची आई, मेधा, दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली. तेव्हापासून माधवीताईच तिला बघतात.

१९ जुलै
चिऊला फ्रॉकचं बटण लावता येत नाही. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून खाटेखाली शिरते. एक ओळ लिहायला अर्धी सकाळ जाते. ताई तिच्यासमोरच सांगत होत्या, जन्मली तेव्हा महिनाभर थरथरायची, किंचाळायची. कुणाची नजर लागली असेल.

४ ऑक्टोबर
मला चौथा लागला. कंबर फार धरते. ताई दोन्ही वेळा गूळ घालून कडू काढा देतात. लगेच बरं वाटतं. किती करतात माझं!

२१ डिसेंबर
चिऊला देवासला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, हिच्या आईनं गरोदरपणी अफूसारखं काही घेतलं होतं का? काही मुलांना त्यामुळं लक्ष देणं, शिकणं वर्षानुवर्षं जड जातं. मदत मिळाली तर सावरतातही. या घरात कुणी नशा करत नाही, मी ठाम नाही म्हटलं.
घरी ताईंना सांगितलं. त्या सहज म्हणाल्या, "नशा कायकी गं? कंबरेसाठी डोड्याचा काढा द्यायचे तिला. तुला देते तोच."
डोडा म्हणजे अफूचं बोंड.

२२ डिसेंबर
काढा मोरीत ओतला. ताई रडत राहिल्या. त्यांच्या आईनं त्यांना दिला, त्यांनी आम्हाला. त्यांना ठाऊकच नव्हतं.

२३ डिसेंबर
घाम. ओकाऱ्या. हाडं कुणी पिळतंय. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले एकदम सोडू नका, बाळाला धोका आहे, ताबडतोब दाखल व्हा. मयुरेश इंदूरला, फोन लागत नाही. ताई गाडी बघायला गेल्या—

दुपार
गाडी नाही अजून. बाळ सकाळपासून थांबलेलं नाही. लाथा नाहीत या. थरथर—
चिऊनं पोटावर हात ठेवला. कान लावला. म्हणाली, "आई, ये भी मेरे जैसा है." खूश झाली.
मी तिला कसं सां—