पेरूंना दिलेला ताण

प्रिय आप्पा,

उद्या सकाळी दादा रस्त्याकडचे पेरू तोडणार आहे. कुऱ्हाडवाले ठरलेत. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून मीच लिहायला बसले. तुम्ही गेल्याचा हा दुसरा उन्हाळा. आता तुम्हाला कोण काय सांगणार, हे मलाही कळतं. पण तुम्हाला न विचारता आपल्या घरात कधी झाड तोडलंय का?

मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला, बासष्ट-त्रेसष्टमध्ये, तुम्ही बाजरीचं रान मोडून ही बाग लावलीत. पवना नदीकाठचे लोक काय हसले होते! शेजारचे तात्या बांधावरून ओरडायचे, "काय राव, पोरांना आता पेरूची भाकर घालणार व्हय?" तुम्ही म्हणायचात, "बाजरी दरसाल पेरावी लागती, तात्या. हे एकदा लावलं की माझ्यामागं ऱ्हाईल."

त्याच पेरूंवर मी शिकले. घरातली पहिली पदवी. तुम्ही आळीभर पेढ्यांऐवजी पेरू वाटलेत आणि आई दिवसभर फुगून बसली!

आता मी पुण्यात शेतीखात्याच्या कचेरीत पिकांखालच्या जमिनीचे आकडे जुळवते. एकदा लावली की वर्षानुवर्षं उभी राहणारी झाडं त्यात वेगळी धरतात. आमचे साहेब परवा खुशीत म्हणाले, "फळबागा वाढतायत बरं का!" खरंच वाढतायत. नाशकाकडे द्राक्षं, नागपुराकडे संत्री. मला अभिमान वाटला. मग आपला तालुका शोधला. एकेक गाव कंपन्यांच्या भिंतीआड गेलेलं. एकूण आकडा चढतो आणि आपले पेरू कमी होतात, हे एकाच वेळी खरं कसं असतं, आप्पा?

चैत्रात घरी आले तेव्हा बागेत पानगळ झालेली. मला केवढा आनंद! वाटलं, दादानं तुमच्यासारखाच ताण दिलाय. उन्हाळ्यात पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग मुळं उघडी करून, शेणखत घालून पाणी सोडायचं, की झाड फुलांनी भरतं. आईनं तर दरवर्षी बागेतला माल विकत घेणाऱ्या पिंपरीच्या बागवानचाचांना सांगूनही टाकलं, "औंदा बाळूनं ताण दिलाय, माल झ्याक येणार." त्यांनीही पारखून मान डोलावली.

गेल्या रविवारी मी विचारलं, "दादा, मुळं कधी उघडायची? पाणी कधी सोडायचं?"

तो कंपनीतली शिफ्ट करून आलेला, जेवत होता. "कसला ताण, सुमे? मोटर मी लावलीच न्हाई. मला न्हाई जमत आता."

"आरं, मी चाचांना शब्द दिलाय की!" आई ओरडली.

टाकून दिलेली बाग आम्ही सांभाळलेली समजत होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं ना!

मग मी भाषण सुरू केलं. झाडं ही देशाची संपत्ती, पुढच्या पिढीचा ठेवा, वगैरे. दादा म्हणाला, "मग देशाला सांग, माझी शिफ्ट सुटली की पाणी धरायला ये म्हणावं." वहिनीही मागे राहिल्या नाहीत. "वन्सं, तुमी रविवारच्या पावन्या. पेरू खाता, भाषण देता, सांजच्याला गाडी धरता."

मला राग आला खरा. पण मराठवाड्यातून, कोकणातून कामाला आलेली माणसं रोज दारात येऊन खोली विचारतात. बाग काढून दादाला तिथं भाड्याच्या खोल्या बांधायच्या आहेत. त्याचं काय चुकलं? तुम्ही बाजरी मोडलीत तेव्हा आजोबांना काय वाटलं असेल? मी कधी विचारलंच नाही.

थोडी तुमच्यावरही रागावले, आप्पा. दादाला तुम्ही नुसतं पाणी धरायला लावलंत आणि मला नुसतं पुस्तक. मी बागेत आले की म्हणायचात, "तू कशाला चिखलात? जा, अभ्यास कर." बहार धरायचा कसा, हे दोघांपैकी एकालाही नीट का नाही शिकवलंत?

संध्याकाळी मी दादाला म्हटलं, "रस्त्याकडचे तोड. विहिरीकडचे मला दे. खोल्यांच्या भाड्यात माझा वाटा नको."

त्यानं विचारलं, "जमंल तुला?"

"तू शिकव."

"मला तरी कुठं धड येतंय!" म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

पुण्याची खोली मी सोडली. आता घरूनच जाऊन-येऊन नोकरी करणार. वहिनी म्हणाल्या, "म्हंजी आता न्हाणीपुढं रांग!" पण माझी वळकटी त्यांनीच आत नेऊन ठेवली.

उद्या रजा घेतलीय. झाडं पडतील तेव्हा मी दादाशेजारी उभी असेन. त्याला एकट्याला तिथं उभं राहू देणार नाही.

विहिरीकडची झाडं किती वर्षं राहतील, ते मला सांगता येत नाही. खोटा शब्द तुम्हाला देववत नाही. भिंत तिथवर येईल तेव्हा येईल. पण तोवर त्यांची तहान कुणी विसरणार नाही, एवढं वचन घ्या. पाणी तोडायची वेळ आलीच, तर ते पुन्हा कधी सोडायचं, हे आधी ठरवीन आणि मगच तोडीन.

तुमची,
सुमन