साहेबाला दिलेला हुंकार

मुक्काम अकोला, बुधवार

राजश्री खुशालराव यांसी नत्थुजीचा अदबीने रामराम. आम्ही सर्व येथे बरे आहोत. मोर्शीस आपली व घरच्या मंडळींची तब्येत कशी आहे ते लिहावे. गुडघे दुखतात का, तेही लिहावे. (माझे दुखतात.) आपली बहीण सुभद्रा ठणठणीत आहे, आवाजावरून तरी तसेच वाटते.

अमेरिकेत लढाई लागल्यापासून आपल्या कापसाला कुठले कुठले लोक विचारत येतात. यंदा एक स्पेन देशाचा साहेब आला. राहतो बाजाराजवळ तंबूत, पण दुपारी आमच्या ओसरीवर येऊन बसतो. त्याचा दुभाषी तापाने अमरावतीस गेला आणि जाताना मला (मी दोन वर्षे पंतोजीकडे गेलो होतो, हे त्याला कोणी सांगितले कोण जाणे) साहेबाची बोली मोडीत लिहून देऊन गेला. 'दे आक्वेर्दो' म्हणजे कबूल आहे, 'क्लारो' म्हणजे हो तर. 'एस्तोय कान्सादो' म्हणजे दमलो, 'नेसेसितो देस्कान्सार' म्हणजे विश्रांती पाहिजे. एवढ्यावर दिवस निघतो, म्हणाला.

आता आपल्याकडे कोणी बोलत असला की ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा लागतो. नाही दिला तर बोलणाऱ्याला वाटते, याला झोप लागली किंवा राग आला. म्हणून साहेब थांबला की मी 'दे आक्वेर्दो' म्हणे, आणि एकच एक नको म्हणून मधूनमधून 'क्लारो'. साहेब खूष. सुभद्रा आतून म्हणाली, "कावून हो हो करून राहिले? त्याले वाटन तुमाले समदं समजते." फार झाले की मी विश्रांती मागे. घरधनी असे म्हणाला की पाहुणा उठतो. हा साहेब बूट काढून माझ्याच घोंगडीवर आडवा होई. त्याच्या देशात दुपारी निजायची रीतच आहे म्हणतात. चार दुपारी तो घोरला आणि मी जागा.

काल शिंपी माझ्या कोटाचे माप घ्यायला आला. पाठोपाठ बरा होऊन दुभाषी आला, त्याने उलगडा केला. येत्या मंगळवारी मी गाड्यांबरोबर मुंबईस आणि तेथून जहाजाने साहेबाच्या देशी वर्षभर जायचे, तिथल्या गिरणीवाल्यांना वऱ्हाडचा कापूस पारखून दाखवायला. मी हे अकरा वेळा कबूल केले आहे. आता उगाच मोडता घातला तर साहेब हिवरखेडच्या शेतकऱ्यांच्या कापसाच्या साऱ्या गाड्यांचा सौदा मोडील, असे सांगून दुभाषी पहिल्या गाड्यांबरोबर आजच पुढे निघून गेला. खुशालराव, मला तळ्यातल्या नावेतही घेरी येते.

आपला,
नत्थुजी

ता. क. पत्र घेऊन आमचा गडी सहदेव येत आहे. आपण अत्यवस्थ आहात आणि मला शेवटचे भेटू इच्छिता, असा निरोप त्याच्याबरोबर ताबडतोब पाठवावा. मरणाऱ्या मेहुण्यापुढे साहेबही काही बोलणार नाही. आजार कोणता ते आपल्या सोयीने ठरवावे.

ता. क. दुसरा. सुभद्रेला पत्र वाचून दाखवले. भाऊ कशाला आजारी पाडता म्हणून ती तडक तंबूवर गेली आणि म्हणाली, "माह्या घरचा मानूस कुठी येनार नाही, बापा. कापूस न्या, मानूस इथंच ठेवा." साहेब छातीवर हात ठेवून त्याला येते तेवढ्या मराठीत म्हणाला, "हो, हो." ती सुटलो म्हणत घरी आली. पण तिच्यामागून मी गेलो होतो. शेजारच्या तंबूतला घोडेवाला घोड्याच्या पोटदुखीची हकीकत सांगत होता आणि साहेब त्यालाही दर वाक्याला "हो, हो" म्हणत होता.

तेव्हा आपण आजारी पडाच.