राजीखुशीने

१२ ऑक्टोबर १९८७
शाळा सुटल्यावर उल्हासनगर, कॅम्प तीन. वकीलबाई सिंधी, साठीच्या. ऑफिस जीन्सच्या कारखान्यावर. खाली मशीनं चालली की टेबल थरथरतं. काडीमोडाचा स्टँपपेपर पुढे ठेवला. एप्रिलमध्ये अंबरनाथला पाच पंचांसमोर झालेला. नवरा, वि., वांगणीला दुसरीसोबत राहतो; मला सुटका हवी होती, सही केली. चौथी ओळ : मुलगी पित्याकडे राहील. प्रत्यक्षात मित्रा वि.च्या आई-वडिलांकडे.
"इथे पेनाने कोणी सुधारलं?"
मी. लिहिणाऱ्याने 'राजिखुशिने' लिहिलं होतं. दोन्ही वेलांट्या दीर्घ केल्या, बाजूला आद्याक्षरं.
बाई बघत राहिल्या. "टीचर आहेस. न वाचता सही केली, हे तर आता बोलता येणार नाही, बेटा."

१३ ऑक्टोबर
काल अर्धंच लिहिलं. बाईंच्या मते अशा कागदाने लग्न मोडत नाही, कोर्टातूनच मोडतं. म्हणजे मी अजून बायको. "हे वाईट. पण पोरगी पण सुटली नाही. हे चांगलं." पाच वर्षांच्या आतलं मूल शक्यतो आईकडे देतात. मित्रा ३ मार्चला पाचची होईल.
घरी आल्यावर दादा : "पंचांनी मोकळं केलं ना तुला? आता कोर्टात कशाला समाजाची शोभा?" शिरगावचं हे घर त्याचं. वहिनी म्हणाली, "जेवू द्या तिला." जेवले.

१६ नोव्हेंबर
कल्याण कोर्ट. घटस्फोटाचा अर्ज दाखल. सोबत दुसरा : निकाल लागेपर्यंत मित्राचा ताबा मला.

८ डिसेंबर
वि.च्या वकिलाचं उत्तर आलं. 'उभयतांचा काडीमोड ज्ञातीच्या रूढीप्रमाणे झालेला असून अर्जदार हिने मुलीवरील हक्क राजीखुशीने सोडला आहे.' दीर्घ वेलांट्या.
बाई : "रूढी असेल तर कागद चालतो. आहे तुमच्यात?"
सासऱ्यांनी (मी त्यांना मामा म्हणते) लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं ते सांगितलं. छप्पन साली धम्म घेतला, घरातले देव टोपलीत घातले आणि वालधुनी नदीत सोडून आले. जुनं काही ठेवलं नाही.
बाई हसल्या. "देव बुडाले आणि रूढी तरंगली?"
ज्ञाती हा शब्दही मामांनी घरात चालू दिला नसता.

११ जानेवारी १९८८
तारीख. रूढीबद्दल मामांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं म्हणून वि.च्या वकिलाने मुदत मागितली. मिळाली. दिवस जाताहेत, ३ मार्च जवळ येतोय; त्यांना तेच हवंय.
मामा व्हरांड्यात बाकावर. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी नमस्कार केला.
"जयभीम. बारीक झालीस."
मग, "सही मागताहेत माझी."
"वाचलंत?"
"वाचलं. म्हणून तर केली नाही अजून." चष्मा काढला, पुसला. "नात जाईल गं घरातनं."
तेवढ्यात वि.ने हाक मारली. उठताना म्हणाले, "मित्राला अ येतो आता. उलटा काढते."

१४ जानेवारी
उलटा अ. फळ्यावर काढून पाहिला. वर्ग हसला. पुसला.

९ फेब्रुवारी
तारीख. मामा आले नाहीत. प्रतिज्ञापत्रही नाही. त्यांच्या वकिलाने पुन्हा मुदत मागितली. जजसाहेब म्हणाले, शेवटची. २९ फेब्रुवारी.
बाहेर आल्यावर बाई : "जा, म्हाताऱ्याला भेट. पाया पड. तुझ्यासाठी 'रूढी नाही' बोलेल."
"नाही."
"अकड?"
अकड नाही. मी मागितलं तर त्यांचं 'नाही' मला दिलेलं होईल. ते त्यांचं खरं आहे, त्यांनी स्वतःसाठी ठेवायचं की नाही ते ठरवावं. बाईंना इतकं नीट सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, त्यांनी सही केली तर तुम्ही उलटतपासणी मागा, मी रोज येईन. रजा शिल्लक नाही, बिनपगारी घेईन.
"येडी आहेस," बाई म्हणाल्या, आणि डायरीत २९ ला खूण केली.
परत येताना कॅम्प तीनमध्ये फ्रॉक पाहिला. पिवळा, साधा.
दुकानदार : "बेबी किती सालची? पाच?"
"चार," मी म्हणाले. "चारच."