एकाच बाजूचे डोळे

मंगळवार, संध्याकाळ

"तू ऊस कधी बघितलायस का रं?" तात्यांनी विचारलं आणि तिथंच सगळं फिरलं.

तात्या म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, सायलीचे वडील. लागवडीच्या बेण्यासाठी उसाचे डोळे, म्हणजे पेरावर जिथून कोंब फुटतो ते, कापून काढणारं यंत्र त्यांनी कागदावर तयार केलंय. त्याचं ॲनिमेशन दाखवायला दुपारी वालचंदनगरला गेलो होतो. मी उसाचं एकच पेर बनवून तेच दहा वेळा जोडलेलं. सगळे डोळे एका बाजूला! पातं मात्र झकास चालत होतं.

"खरा डोळा एका पेराला इकडं, पुढच्याला तिकडं," तात्या म्हणाले. "म्हणून तर माझं यंत्र दर पेराला ऊस अर्धा फिरवतं. तुझ्या उसाला फिरवायची गरजच न्हाय. मग मी इतकी वर्षं केलं काय?"

सायली हसली. "माळेगावचा ना तू? उसातच वाढलास की!"

ती हसली नसती तर गप बसलो असतो. "मग तुमीच करा," म्हणालो आणि लॅपटॉप उचलून निघून आलो. कॉलेजही असंच सोडलं. कधी सुधारणार मी?

उद्या लोणी देवकरच्या कारखानदारांना तात्या दाखवणार काय? सगळं माझ्याकडंच आहे.

डोळे एका बाजूला! लहानपणापासून ऊस खातोय की मी.

आत्ता दुरुस्त केलं. ऊस अर्धा फिरतो, पातं बसतं, डोळा सुटतो. तात्यांनी काय केलंय ते आज कळलं. हे त्यांना फोनवर नाही सांगायचं. समोर जाऊन, सायलीच्या देखत माफी मागायची.

आई जेवायला बोलावतेय. आल्यावर जेवीन. निघालो, दार ओढून घेतो.